चौदा गवंडी, बिगारी एकही नाही

"साहेब, तुम्ही नेमके कशाचे साहेब?" हा प्रश्न मला नोकरीभर विचारला गेला. तलाठी कशाचा, फौजदार कशाचा हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी किमान वेतन निरीक्षक होतो. ते सांगितलं की समोरचा माणूस मान हलवायचा आणि थोड्या वेळानं बी-बियाण्याबद्दल विचारायचा.

काम तसं सोपं होतं. ज्या कामांवर मजूर लावले जातात, तिथं जायचं. खडी फोडणं, रस्ता, पूल, इमारत. हजेरीपट बघायचा, म्हणजे रोज कोण कामावर आलं त्याची वही. त्याला सगळे मस्टरच म्हणायचे. मजुरी सरकारनं ठरवलेल्या दरापेक्षा कमी नाही ना, आठवड्याची सुट्टी मिळते ना, हे पाहायचं आणि भेटीच्या वहीत शेरा लिहायचा. चुकीचं दिसलं तर नोटीस, नाही ऐकलं तर खटला. परभणी जिल्ह्यात तेव्हा सत्तरच्या दशकात कामं भरपूर निघाली होती. दुष्काळ सरला होता, पण माणसं अजून शेताकडं परतली नव्हती. माझ्याकडं ना जीप, ना शिपाई. एक कापडी पिशवी, त्यात कायद्याचं पुस्तक आणि डबा.

या नोकरीत माणूस काही गोष्टी शिकतो. खरं मस्टर वासावरून ओळखता येतं. त्याला सिमेंटचा, तंबाखूचा, घामाचा वास येतो. पानांच्या कडा काळ्या झालेल्या असतात. सहा महिन्यांची हजेरी एकाच शाईत, एकाच तिरक्या अक्षरात, कोऱ्या करकरीत कागदावर असली की समजायचं, ती काल रात्री कंदिलापाशी बसून लिहिलीय. एका गुत्तेदारानं, आमच्याकडं ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात, मला असं मस्टर दाखवलं होतं. त्यात त्यानं एकतीस तारखेची हजेरी तीस दिवसांच्या महिन्यातही भरली होती. दुसऱ्या एकानं येलदरी धरणाचे मासे घरी पाठवले. बायकोनं ते तसेच परत पाठवले. मासे ताजे होते, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर त्या लिहायला बसलो आणि चार ओळींत संपल्या. लिहायचं होतं ते दुसरंच होतं.

वालूरच्या बाजूला एका ओढ्यावर पुलाचं काम चाललं होतं. गुत्तेदाराचं नाव लिहीत नाही. ते आता हयात नाहीत आणि त्यांची नातवंडं सज्जन आहेत. मी तिथं तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी झाडाखाली खुर्ची टाकली. स्वतः उभे राहिले. कपबशीत चहा आला. आमचं घर बौद्ध. माझे वडील आयुष्यभर सडकेवर खडी फोडत होते आणि त्यांना प्यायला पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं. मी त्या खुर्चीत बसलो तेव्हा पाठ जरा जास्तच ताठ झाली होती, हे खोटं नाही.

मस्टर समोर आलं. चौदा माणसांची नावं, चौदाही गवंडी. दर गवंड्याचा, म्हणजे सरकारी दरापेक्षा बराच वर. एवढा चांगला दर मी त्या तालुक्यात पाहिला नव्हता. मी भेटीच्या वहीत लिहिलं, "मस्टर तपासले. नोंदी बरोबर आढळल्या. स्त्री कामगार नाहीत." सही केली, तारीख घातली.

समोर बायका डोक्यावर घमेली घेऊन बांबूच्या परांचीवर चढत होत्या. मी त्यांना पाहिलं होतं. तरी वहीत जे होतं, तेच मी लिहिलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी परभणीच्या सरकारी दवाखान्यातून निरोप आला की कामावरची एक बाई जखमी आहे, कामगार खात्याच्या माणसानं यावं. गेलो. खाटेवर तिशीतली एक बाई बसलेली, उजवा हात मनगटापासून नव्हता, मोठं बँडेज. पायथ्याशी तिचा नवरा उकिडवा बसलेला. बाईचं नाव सुंदराबाई, नवरा मारोती. परांचीची फळी सरकली, ती घमेल्यासकट खाली आली आणि वरचा घडीव दगड हातावर पडला. पहिले तीन दिवस गावातच झाडपाला बांधला. हात काळा पडल्यावर इथं आणलं.

"कुठल्या कामावर?" मी विचारलं.

"वालूरच्या पुलावर," मारोती म्हणाला. "तुमी आलते की तिथं. खुर्चीवर बसलते."

मी बाईकडं वळलो.

"बाई, तुम्ही तिथं कामाला होता?"

"आता ह्येला काय म्हनावं," ती नवऱ्याकडं बघून म्हणाली. "धा म्हैने झाले माल वाहायले मी. मी खालून वर न्यायचे, ह्यो वर गवंड्याला द्यायचा. आमी जोडीनंच कामाला."

"मग मजुरी?"

"जोडीची मिळायची. ह्येच्या हातात."

तेव्हा मला ते मस्टर समजलं. मारोती गवंडी नव्हताच. त्यानं जन्मात थापी धरली नव्हती. नवरा-बायको दोघं बिगारी. दोघांची मिळून जी कमी मजुरी द्यायचे, ती एकट्या मारोतीच्या नावावर लिहिली की कागदावर ती गवंड्याच्या दराएवढी दिसायची. त्यामुळं दर बरोबर, नोंद बरोबर, आणि बायका कामावर नाहीतच. चौदा गवंडी आणि त्यांच्या हातात माल द्यायला एकही बिगारी नाही. असा पूल कुणी कधी बांधला असेल का? शाळेतल्या पोरानंही हे ओळखलं असतं. मी पगार घेऊन ओळखलं नव्हतं.

मी गुत्तेदाराकडं गेलो. या वेळीही खुर्ची आली. मी बसलो नाही.

"साहेब, बाईचं वाईट झालं," ते म्हणाले. "पण ती आपल्या कामावर नव्हती. नवऱ्याला भाकर घेऊन आली होती. कशाला वर चढली देव जाणे. तरी इन्सानियत म्हणून मी गाडीभाडं दिलं."

"दहा महिने रोज भाकर घेऊन यायची?"

त्यांनी शांतपणे भेटीची वही उघडली आणि माझ्याच अक्षरावर बोट ठेवलं. "हे तुम्हीच लिहिलंय ना साहेब? स्त्री कामगार नाहीत. आता सरकारच म्हणतंय नाहीत, तर मी कोण आहेत म्हणणारा?"

आवाजात उर्मटपणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

कामावर इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची, हा कायदा इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. अट एवढीच की जखमी माणूस त्या कामावरचा कामगार असला पाहिजे. परभणीतल्या एका तरुण वकिलानं सुंदराबाईचा दावा फी न घेता दाखल केला. त्यानं मला गाठलं.

"तुमची साक्ष लागेल. बाकीचे मजूर बोलणार नाहीत, त्यांना उद्या तिथंच कामाला जायचंय. मारोती तर नवराच, त्याचं कोण ऐकणार? समोरच्यांकडं मात्र तुमचा शेरा आहे."

"मग मी काय सांगू?"

"तुम्ही काय पाहिलं ते."

मी आमच्या वरिष्ठांकडं गेलो. ते औरंगाबादला बसायचे. वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही स्वतःचाच शेरा खोटा होता असं कोर्टात सांगणार. बरं. त्यानंतर तुमच्या कुठल्याही शेऱ्यावर कोण विश्वास ठेवील? आजवर जेवढे खटले तुमच्या तपासणीवर उभे आहेत, त्या प्रत्येकात गुत्तेदाराचा वकील उठून म्हणेल, हा तोच निरीक्षक. एका बाईसाठी शंभर मजुरांचं नुकसान कराल."

हे बोलणं मला त्या दिवशीही खोडता आलं नाही आणि आजही धड येत नाही. त्यांनी शेवटी सांगितलं, "आजारी पडा. तारखेला रजा टाका. चार तारखांनंतर दावा आपोआप थंड होतो."

मी गावी गेलो. वडील तेव्हा थकले होते, डोळ्यांत खडीचे कण जाऊन जाऊन एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नव्हतं. त्यांना सल्ला विचारायचा म्हणून गेलो नव्हतो. पण जेवताना बोलणं निघालं.

"बाईचं नाव वहीत नव्हतं म्हणून सगळा घोळ झालाय," मी म्हणालो.

"बायाचं नाव कवा असतंय?" वडील म्हणाले. "तुझ्या मायचं बी नव्हतं. म्या फोडायचो, ती टोपल्यानं ढीग लावायची. तुला पाठीला बांधून. ढीग मोजला जायचा माज्या नावानं."

आई चुलीपाशी होती. भाकरी थापत राहिली. मी तिला त्यापूर्वी कधी विचारलंच नव्हतं की ती काय काम करायची. घरी असेल, असं धरून चाललो होतो. तिच्या मनगटावर एक जुना मोठा वण होता. तो भाजल्याचा आहे असं मला लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "खडीचा हाय," आणि माझ्या ताटात वरण वाढलं.

तारखेला मी रजा टाकली नाही.

साक्षीच्या दिवशी सुंदराबाई कोर्टाच्या बाहेर ओट्यावर पदराखाली हात झाकून बसली होती. समोरच्या वकिलांनी मला फार वेळ उभं केलं. ते नावाजलेले वकील होते.

"हा शेरा तुमच्या हातचा?"

"होय."

"दबावाखाली लिहिला?"

"नाही."

"पैसे घेऊन?"

"नाही. चहा घेतला होता."

मागं कुणीतरी हसलं.

"म्हणजे शुद्धीवर असताना, स्वखुशीनं, सरकारी कर्तव्य बजावताना तुम्ही खोटं लिहिलं. असंच ना?"

"होय. खोटं लिहिलं. बायका काम करताना मी पाहिल्या होत्या. किमान दहा-बारा. घमेली वाहत होत्या."

"का लिहिलं मग?"

"चूक झाली," मी म्हणालो.

न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी मस्टर मागवलं आणि गुत्तेदाराला विचारलं, "चौदा गवंडी होते तर त्यांना माल कोण पुरवत होतं?" गुत्तेदार म्हणाले, "एकमेकांना देत होते, साहेब." मग तरुण वकिलानं मारोतीला विचारलं, "ओळंबा म्हणजे काय?" ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे की नाही ते पाहायला गवंडी दोरीला बांधून सोडतो ते वजन. गवंड्याच्या हाताखालचा माणूसही ते रोज बघतो. मारोतीला वाटलं आपल्याला फसवायलेत. तो घाबरून म्हणाला, "मला काय ठावं, सायेब, म्या तर घमेलं देत होतो." त्याच्या या घाबरण्यानं जे काम झालं, ते माझ्या साक्षीनं झालं नसतं.

महिनाभरात मला खात्याची नोटीस आली. चुकीचा शेरा लिहिल्याबद्दल एक वेतनवाढ रोखली. शिक्षा योग्यच होती. मला फक्त एवढंच वाटलं की शेरा लिहिला तेव्हा ती कुणालाच द्यावीशी वाटली नव्हती. आणि वरिष्ठ म्हणाले होते तसंच झालं. पुढच्या दोन खटल्यांत समोरच्या वकिलांनी ते प्रकरण काढलं. एका खटल्यात खडीवरच्या मजुरांचा दावा माझ्या साक्षीमुळंच पडला. ती माणसंही मला माहीत होती. त्यांना तोंड दाखवायला मी गेलो नाही.

निकाल लागायला उशीर होता. त्यातच बाईला पुरुषाएवढीच मजुरी द्यायची, असा नवा कायदा आला. गुत्तेदारांत बातमी पसरली की परभणीचा निरीक्षक बायकांची नावं शोधत फिरायलाय. देवगाव फाट्यावर एका गोदामाचं काम चालू होतं. मी तिथं गेलो तर एकही बाई कामावर नव्हती. सगळे पुरुष. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली आठ-दहा बायका रिकामी घमेली घेऊन बसल्या होत्या. मी कोण हे कळल्यावर त्यातली एक वयस्क बाई उठून माझ्यासमोर आली.

"तुमीच का ते नाव लिवनारे?"

"होय बाई."

"लई चांगलं केलं. परवापास्नं आमाला कामावरून काढलं. मुकादम म्हन्तो, बाया घेतल्या की कोरट लागतंय. आता नाव घिऊन काय चाटावं का?"

मी कायदा सांगायला लागलो. असं काढता येत नाही, तुम्ही अर्ज करा, वगैरे. तिनं ते सगळं ऐकलं, कारण सरकारी माणसाचं ऐकून घ्यायची तिला सवय होती. मग म्हणाली, "अर्ज करते. तवर आज सांजच्याला काय करू ते सांगा." माझ्या डब्यातल्या भाकरी त्या दिवशी मला गेल्या नाहीत.

मी त्या कामावर सहा वेळा गेलो. अखेर बायका परत आल्या, पण माझ्यामुळं नाही. पुरुष बिगारी तेवढ्या दरात माल वाहीनात, म्हणून गुत्तेदारानंच बोलावलं. या वेळी मस्टरवर त्यांची नावं होती, एकेक, स्वतःची. मला आनंद झाला. मग दिवस पाहिले. प्रत्येक बाईपुढं महिन्यात बारा-तेरा दिवस लिहिलेले. त्या रोज येत होत्या. वहीत मात्र दिवसाआड. दर कायद्याप्रमाणं, दिवस निम्मे. मी भेटीच्या वहीत तसं लिहिलं, नोटीस काढली, खटला भरला. तो माझी बदली झाल्यावर कधीतरी निकाली निघाला. काय झालं ते मला कळलं नाही.

सुंदराबाईचा निकाल लागला तेव्हा आणीबाणी उठून गेली होती. न्यायाधीशांनी तिला त्या कामावरची कामगार मानलं आणि भरपाई मंजूर केली. मागितली होती त्यापेक्षा कमी, पण मंजूर केली. गुत्तेदारानं अपील करू करू म्हणत केलं नाही आणि रक्कम कोर्टात भरली. बाईची भरपाई परस्पर कुणाच्या हातात न देता कोर्टामार्फतच द्यायची, असा त्या कायद्यात नियम आहे. तो कुणी लिहिला असेल त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

रक्कम घ्यायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. ती आणि मारोती सकाळपासून येऊन बसले होते. तिनं स्वच्छ धुतलेलं लुगडं नेसलं होतं. डाव्या हातानं नेसायला ती आता शिकली होती. कारकुनानं रजिस्टर पुढं ओढलं, मारोतीला म्हणाला, "कर सही."

"पैसं कुनाचं हायत?" सुंदराबाईनं विचारलं.

"तुमचेच, बाई. पण नवरा आहे ना बरोबर."

"वहीत ह्येचं नाव होतं. हात माजा गेलाय. निशानी माजीच घ्या."

मारोती मागं सरकला. त्यानं वाद घातला नाही. कारकून कंटाळलेला होता, भला होता. त्यानं शाईचा पॅड काढला आणि सवयीनं म्हणाला, "बायकांचा उजवा अंगठा लागतो."

"उजवा असता तर हितं कशाला आले असते?" ती म्हणाली.

कारकुनाचे कान लाल झाले. त्यानं रजिस्टर उलट्या बाजूनं फिरवलं, स्वतः उठून तिच्या डाव्या बाजूला आला आणि पॅड धरला. तिनं अंगठा टेकवला, उचलला, वाकून नीट उमटलाय का ते पाहिलं.

बाहेर आल्यावर मी दोघांना चहा घेऊ म्हटलं. मारोती पानपट्टीकडं गेला. ती बाकावर बसली, मी शेजारी उभा. मला वाटलं, ती काहीतरी बरं बोलेल. आता कबूल करायला हरकत नाही, मी त्यासाठीच गेलो होतो.

"सायेब," ती म्हणाली, "येक इचारू का? त्या दिशी तुमी आमाला बघितलं होतं. माज्याकडं तर तुमी डोळ्याला डोळा लावून बघितलं. मग न्हाई म्हून का लिवलं?"

वकिलाला दिलेलं उत्तर तिच्यासमोर तोंडातून निघेना. खुर्ची, चहा, माझे वडील, हे सगळं तिला सांगावं असं क्षणभर वाटलं. पण खरं कारण त्याहून फार लहान होतं.

"सेलूला जाणारी शेवटची गाडी होती," मी म्हणालो. "बायकांची नावं, गावं, मजुरी, सगळं विचारत बसलो असतो तर ती चुकली असती. रात्र तिथंच काढावी लागली असती."

तिनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. हिशेब न जुळलेल्या माणसासारखं ती बघत राहिली.

"येवढंच व्हय?" ती म्हणाली.

मग चहा आला. तिनं कप डाव्या हातात धरला, फुंकर घातली, आणि आम्ही दोघांनी मारोती येईपर्यंत तो संपवला.